धनीबाई आडे जिवंत असल्याबाबत

पोलीस स्टेशन दिग्रस, जि. यवतमाळ
दि. १२/०२/२०२५, बुधवार

जबाब देणार: सौ. प्रेरणा सुभाष इंगोले, वय ४१ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय विमा एजंट, रा. दिग्रस, ता. दिग्रस, जि. यवतमाळ.

मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहते. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, माझे पती सुभाष यांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. मला दोन मुली आहेत. मी अभयदीप आयुर्विमा कंपनीची एजंट म्हणून बऱ्याच वर्षांपासून काम करते. माझे ग्राहक बहुतेक दिग्रस शहरातले आणि आसपासच्या बंजारा तांड्यांवरचे आहेत. कंपनीच्या येथील कार्यालयात राजदीप ताजने हे विकास अधिकारी आहेत. माझे काम त्यांच्या हाताखाली चालते.

हिरापूर तांड्यावर राहणाऱ्या धनीबाई रामजी आडे, वय अंदाजे ५८, यांना मी चांगली ओळखते. त्यांचे पती वारले आहेत. त्यांना मूलबाळ नाही. दिराचा मुलगा उत्तमसिंग याची आई लहानपणी वारल्याने धनीबाईंनीच त्याला वाढवले. उत्तमसिंगची बायको मुलांना घेऊन ऊसतोडीला गेलेली आहे. त्यामुळे घरात काकी-पुतण्या दोघेच राहत होते.

धनीबाईंनी विमा माझ्याकडूनच काढला. त्या वेळी मी त्यांच्या ओसरीवर बसून सगळ्या अटी वाचून सांगितल्या होत्या. त्यांनी मला विचारले होते, "मी मेल्यावरच भेटते म्हन्तं, त मंग मले काय उपेग?" मी म्हणाले, "तुम्हाला काही नाही मावशी. जो मागे राहील त्याला." त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मंग उत्तमचंच नाव टाक." त्याप्रमाणे वारस म्हणून उत्तमसिंगचे नाव टाकले. त्यात काही लपवाछपवी नव्हती.

दि. १०/०२/२०२५ रोजी सोमवारी सकाळी राजदीप ताजने यांनी मला कार्यालयात बोलावले. धनीबाई झोपेतच वारल्या, दाखला आलेला आहे, दावा दाखल करायचा आहे, असे त्यांनी सांगितले. मला आधी कोणी कळवले नव्हते. मी खुर्चीवर बसले. त्यांनी मला पाणी दिले आणि एक छापील निवेदन पुढे केले. मयत व्यक्तीला मी ओळखत होते आणि मृत्यूची प्रत्यक्ष खात्री केली, असा त्यातला मजकूर होता. खाली एजंटची सही लागते.

मी म्हणाले, आधी घरी जाऊन येते. ते म्हणाले, "आता कायले जाता? सगळं उरकलं तिथं." मी म्हणाले, माती द्यायला तर जाता आलं नाही, निदान उत्तमजवळ घडीभर बसून येते, आणि इथे प्रत्यक्ष खात्री असं लिहिलं आहे. ते म्हणाले, "मॅडम, ते छापीलच असते. सगळेच करतात." मी ग्राहकाच्या घरी गेल्याशिवाय अशा कागदावर सही करत नाही, हे त्यांना माहीत आहे. यापूर्वीही त्यावरून आमची बोलाचाली झालेली आहे. मी निवेदन पर्समध्ये ठेवले. सही केली नाही.

त्याच दिवशी दुपारी मी माझ्या स्कूटीने हिरापूर तांड्यावर गेले. हरभरा काढणीचे दिवस असल्याने तांड्यावर माणूस दिसत नव्हते. धनीबाईंचे दार उघडे होते. ओसरीवर धनीबाई सूप घेऊन तूर पाखडत बसलेल्या होत्या.

मी दारातच थांबले. त्यांनी मान वर करून मला पाहिले आणि म्हणाल्या, "ये वं बाई. बऱ्याच दिवसानं आली." त्या म्हणाल्या, "काय झालं? तोंड असं काहून करून राह्यली? कोन मेलं?"

मी म्हणाले, कोणी नाही, ऊन लागलं. त्यांनी मला बसवले. गुडघा दुखत असल्याने त्या काठीच्या आधाराने उठल्या आणि चहा ठेवला. मी तो चहा घेतला. त्यांची तब्येत गुडघा सोडला तर ठीक होती. त्या माझ्या मुलींबद्दल बोलल्या. उत्तमला पिकअप गाडी घ्यायची आहे, पोरगा दिवसरात्र त्याच विचारात असतो, असेही बोलल्या.

विचारल्यावरून सांगते की, मी त्या वेळी धनीबाईंना काहीही सांगितले नाही. एखाद्याला त्याच्याच ओसरीवर बसून कोणत्या शब्दांत सांगावे की तुम्ही मेल्याचा दाखला निघाला आहे, हे मला सुचले नाही. शिवाय हे उत्तमसिंगला माहीत आहे की नाही, याची मला तोवर खात्री नव्हती. त्याचे नाव वापरून दुसऱ्याच कोणी केले असेल, असे मला वाटत होते. वाटत होते म्हणण्यापेक्षा तसे असावे अशी माझी इच्छा होती.

मी चहा पीत असतानाच उत्तमसिंग मोटारसायकलने आला. मला ओसरीवर पाहून त्याने गाडी बंद केली, पण खाली उतरला नाही. धनीबाई त्याला म्हणाल्या, मॅडम आल्या, बस. तो बसला नाही. मी निघाले तेव्हा तो माझ्यामागे स्कूटीपर्यंत आला. आमच्यात झालेले बोलणे असे:

तो म्हणाला, "मॅडम, सही करून टाका. काकीले काही ठाऊक नाही. तिले काही तरास बी नाही. कागदावर मेली त काय झालं?"

मी म्हणाले, "कागदावर मेलेल्या माणसाले रेशन भेटत नाही, उत्तम. दवाखान्यात नाव लागत नाही. उद्या ती कुठं गेली आणि नाव सांगितलं, त लोक काय म्हणतील?"

तो म्हणाला, "ती कुठीच जात नाही. मी पोसतो ना तिले."

मी म्हणाले, "कंपनीचा चौकशीवाला येईल तांड्यावर. त्याले तीच चहा देईल, मले दिला तसा."

त्यावर तो म्हणाला, "चौकशीवाला येईन तवा काकी इथं नसन. राजदीप साहेबानं सांगतलं हाय, त्याचा बंदोबस्त करून ठेव म्हनून."

बंदोबस्त म्हणजे काय, असे मी विचारले. तो घराकडे पाहत राहिला.

तांड्यातून बाहेर पडताना शेजारच्या सुखीबाई चव्हाण शेतातून येताना भेटल्या. त्याही माझ्या ग्राहक आहेत. धनीमावशी घर सोडून कुठे गेल्या तर मला लगेच फोन करा, एवढेच मी त्यांना सांगितले. कारण सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

मंगळवारी सकाळी मी कार्यालयात जाऊन राजदीप ताजने यांना भेटले. धनीबाई जिवंत आहेत, मी त्यांच्या हातचा चहा पिऊन आले, असे सांगितले. त्यांनी उठून केबिनचे दार लोटून घेतले. ते म्हणाले, "इंगोले मॅडम, तुम्ही काही पाहिलं नाही. तांड्यावर गेलाच नाही." मी म्हणाले, गेले होते. ते म्हणाले, "पॉलिसी तुमच्या एजंट कोडवर आहे. वारसाचं नाव तुमच्या हातचं. चौकशी निघाली तर पहिलं बोट कोणाकडं जाईल? तुमच्या पोरीले उद्या बघायले येतील, त्या लोकांनी पेपरात काय वाचायचं?"

माझी मोठी मुलगी लग्नाची आहे. हे त्यांना माहीत आहे.

मी निवेदन सही न करता त्यांच्या टेबलावर ठेवले आणि वरच्या कार्यालयाला कळवणार असल्याचे सांगितले. ते हसून म्हणाले, "कळवा. पण विचार करून कळवा. जी बाई दाखल्यावर मेली, ती मेलेलीच सापडली तर खोटं कोण ठरेल?"

हे वाक्य ते जसे बोलले तसेच मी सांगत आहे. मला तेव्हा ती नुसती धमकी वाटली.

घरी आल्यावर मी पतींना सर्व सांगितले. ते म्हणाले, "विचार केला का?" मी म्हणाले, केला. त्यानंतर मी कंपनीच्या अमरावती येथील कार्यालयाला माझ्या मोबाईलवरून मेल पाठवला. धनीबाई आडे यांना मी सोमवारी जिवंत पाहिले आहे, दाखला खोटा आहे, दावा थांबवावा, असे त्यात लिहिले. सायंकाळी तेथून फोन आला. दावा थांबवला आहे आणि चौकशी अधिकारी गुरुवारी येतील, असे सांगण्यात आले. तोपर्यंत मी कोणाशी बोलू नये, असेही सांगितले.

विचारल्यावरून सांगते की, मंगळवारीच मी पोलीस ठाण्यात का आले नाही, याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. कंपनी बघेल असे वाटले.

आज सकाळी मी स्वयंपाक करत असताना सुखीबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "मॅडम, उत्तमनं काकीले गाडीवर बसवून नेलं. म्हने गुडघ्याच्या डाक्टरकडं. पन गाडी दिग्रसच्या रोडनं नाही गेली. धरनाकडं गेली." मी विचारले, तिकडे काय आहे. त्या म्हणाल्या, "तिकडं त्याचं शेत हाय. दुसरं काहीच नाही." मग त्या म्हणाल्या, "काठी इथंच राह्यली तिची. गुडघा दाखवाले चालली अन् काठी नाही नेली."

मी गॅस बंद केला. ११२ वर फोन लावला. कागदावर मेलेल्या एका बाईला तिच्या पुतण्याने दवाखान्याच्या नावाने नेले आहे, असे सांगताना पलीकडच्या बाईंना ते नीट समजले नाही. त्यांनी मला दोनदा विचारले की बाई मयत आहे की जिवंत. मी म्हणाले, आत्तापर्यंत जिवंत आहे, धरणाकडच्या त्याच्या शेतावर लवकर गाडी पाठवा. पती सामान आणायला पुसदला गेलेले होते. मी स्कूटी काढून तांड्यावर गेले आणि वाट दाखवायला सुखीबाईंना मागे बसवून घेतले.

उत्तमसिंगचे शेत धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. जवळ वस्ती नाही. रस्ता संपल्यावर आम्ही पायी गेलो. शेतात टिनाचे एक खोपट आहे. त्याला बाहेरून कुलूप होते. दारासमोर बाजेवर उत्तमसिंग बसलेला होता. त्याचा मोबाईल हातात होता. बाजेजवळ जमिनीवर पाण्याने भरलेला लोटा आणि फवारणीच्या औषधाचा डबा होता. डब्याचे झाकण उघडलेले होते.

शेतकऱ्याच्या खोपटात असा डबा असणे साहजिक आहे. शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटून झालेली होती. शेतात फवारण्यासारखे दुसरे कोणतेही पीक उभे नव्हते. मी जे पाहिले तेवढेच सांगते.

मी सुखीबाईंना बांधावर थांबायला सांगून पुढे गेले. उत्तमसिंग म्हणाला, "मॅडम, तुमी वापस जा." त्याचा आवाज बसलेला होता. मी विचारले, मावशी कुठे आहेत. तेवढ्यात आतून धनीबाईंचा आवाज आला. त्यांनी त्यांच्या बोलीत विचारले, "कुण छ, उत्तम?" म्हणजे कोण आहे. मी मोठ्याने म्हणाले, "मी प्रेरणा, मावशी." त्या म्हणाल्या, "बरं झालं आली. पाह्य ना वं, यानं मले कोंडलं अन् सांगत बी नाही काहून ते."

मी उत्तमसिंगला किल्ली मागितली. तो उठून दाराला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, "राजदीप साहेबाचा सकाळपासून फोन येऊन राह्यला. म्हन्ते, उद्या चौकशीवाला येते. बुढी दिसली त मी बी आत, तू बी आत. तुले जे करायचं ते आज कर." मी विचारले, "आणि तू काय करणार होतास?" तो म्हणाला, "मी काहीच केलं नाही. मी सकाळपासून इथंच बसेल हाव."

त्याच्या पायाला डबा लागून थोडे औषध जमिनीवर सांडले. त्याचा वास आला. मला पळून जावेसे वाटले. पोलिसांची गाडी कुठवर आली ते मला माहीत नव्हते आणि फोन काढून बघायची माझी हिंमत होत नव्हती. मी त्याच्याशी बोलत राहायचे ठरवले.

मी म्हणाले, "उत्तम, मी सही केली नाही. मी कालच कंपनीला लिहिलं की मी मावशीले जिवंत पाहिलं. दावा थांबला. आता मावशीले काहीही झालं तरी तुले काही भेटणार नाही. गाडी नाही, काही नाही. फक्त मावशी नसतील."

तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "तुमी लिवलं?" मी हो म्हणाले. "खरंच लिवलं?" मी मोबाईल काढून त्याला पाठवलेला मेल दाखवला. त्याने तो हातात घेऊन वाचला, की नुसता पाहिला, ते सांगता येत नाही. तो म्हणाला, "साहेबानं हे नाही सांगतलं मले." मग तो खाली बसला. खिशातून किल्ली काढून त्याने बाजेवर ठेवली. माझ्या हातात दिली नाही.

मी कुलूप उघडले. धनीबाई दाराशीच भिंतीला टेकून उभ्या होत्या. पत्र्याच्या दारातून आमचे सगळे बोलणे त्यांना ऐकू गेले असणार. मी हात दिला. त्या माझा खांदा धरून बाहेर आल्या. उत्तमसिंगपुढे थांबून त्या म्हणाल्या, "मी मेली असं सांगतलं तुनं?" तो मान खाली घालून होता. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

त्या बाजेवर बसल्या. म्हणाल्या, "तोंड कोरडं पडलं. पानी पाज वं कोनी." उत्तमसिंगने पटकन लोटा उचलून त्यांच्यापुढे धरला. धनीबाईंनी लोट्याकडे पाहिले, मग डब्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्यांनी लोटा घेतला नाही. तो हात पुढे करून तसाच उभा होता. मी माझ्या पर्समधली बाटली काढून त्यांना दिली. त्या पाण्याच्या शेवटच्या घोटापर्यंत थांबल्या नाहीत.

लोट्यातल्या पाण्यात काही होते किंवा नव्हते, हे मला माहीत नाही. लोटा आणि डबा पोलिसांनी ताब्यात घेतले आहेत.

थोड्या वेळाने पोलीस गाडी आली. उत्तमसिंगने पळण्याचा प्रयत्न केला नाही. आम्ही गाडीत बसलो असताना माझ्या फोनवर राजदीप ताजने यांचा फोन आला. सोबतच्या महिला पोलीस अंमलदारांच्या सांगण्यावरून मी तो स्पीकरवर घेतला. ते म्हणाले, "मॅडम, अजून वेळ गेली नाही. सोमवारी ओळखण्यात चूक झाली, ती दुसरीच बाई होती, असं कळवून द्या. मी सांभाळून घेतो तुम्हाला." धनीबाई माझ्या बाजूला बसलेल्या होत्या. मी म्हणाले, "सर, त्या इथंच आहेत. तुम्हीच बोला त्यांच्याशी." पलीकडून फोन बंद झाला. हे बोलणे महिला अंमलदारांनी व सुखीबाईंनी ऐकले आहे.

मृत्यूचा दाखला कोणी दिला, त्यासाठी डॉक्टर म्हणून कोणी लिहून दिले, हे मला माहीत नाही. राजदीप ताजने यांनी असे इतर दावे केले आहेत किंवा कसे, याबाबत माझ्याकडे माहिती नाही. माझे जे ग्राहक वारले, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलेली आहे. त्यांची नावे मी वेगळी सांगू शकते.

माझी तक्रार राजदीप ताजने व उत्तमसिंग आडे या दोघांविरुद्ध आहे. एजंट या नात्याने माझीही चौकशी व्हावी, माझी हरकत नाही. उत्तमसिंगबाबत धनीबाईंचे म्हणणे काय आहे ते त्यांनाच विचारावे. खोपटातून निघाल्यापासून त्यांनी त्याचे नाव घेतलेले नाही. ठाण्यात त्यांना कोणाच्या ताब्यात द्यायचे असे पोलीस साहेबांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताब्यात कायले? घर मायं हाय. मले माह्या घरी सोडा." आज त्यांच्याकडे सुखीबाई झोपायला जाणार आहेत.

येणेप्रमाणे मी माझ्या तोंडाने सांगितले तसे संगणकावर लिहिण्यात आले. कोणाच्या दबावाने किंवा शिकवण्याने मी काही सांगितलेले नाही. लिहून झाल्यावर अंमलदारांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना धनीबाई आडे समोरच्या बाकावर बसून ऐकत होत्या. खोपटाचा भाग आला तेव्हा अंमलदार थांबले आणि बाईंना बाहेर बसवायचे का, असे त्यांनी विचारले. धनीबाईंनी हाताने वाचा अशी खूण केली. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "बरोबर हाय." हे त्यांचे बोल माझ्या विनंतीवरून येथे लिहिले.

सही/-
सौ. प्रेरणा सुभाष इंगोले

माझ्यासमोर,
सही/-
ठाणे अंमलदार